आई-वडिलांना घरीच सांभाळायचंय: राहती मदतनीस ठेवण्याआधी कोल्हापुरात विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणं, लघवीची नळी बदलणं, नाकातल्या नळीतून भरवायला शिकवणं ही माझी कामं. काम आटोपलं की घरातलं कोणीतरी दाराशी गाठून विचारतं, "सिस्टर, आश्रमात ठेवावं की घरीच बाई बघावी?" मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला, इथं सुनेची नोकरी आणि मुलांच्या परीक्षा. घरं वेगळी, पण प्रश्न बहुतेक तेच, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. माझा कल घरी सांभाळण्याकडे आहे. मात्र ते कोणाच्या जिवावर, हे न ठरवता बाई ठेवली तर महिन्याभरात सगळं कोलमडतं, हेही मी बघत आलेय.

वृद्धाश्रम बरा की घरी माणूस ठेवलेला बरा?

आधी रात्रीचा हिशोब मांडा. आई रात्री एकदा-दोनदा उठते, बाथरूमला नेऊन आणलं की परत झोपते, एवढंच असेल तर घरी एक माणूस पुरतो. दर तासाला हाक, सारखी लघवी, मध्येच कॉटवरून उतरायची धडपड, असं असेल तर ते एका माणसाचं काम नाही. दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन पाळ्या लागतात. त्या परवडत नसतील, घरातलं कोणी रात्र वाटून घेणार नसेल, तर पाळ्यांनी माणसं असलेली चांगली संस्था बघावी.

बऱ्याच वृद्धाश्रमांची पहिली अट असते की माणूस स्वतःचं स्वतः करणारा हवा. पुढे तो अंथरुणाला खिळला तर घरी घेऊन जा म्हणतात. म्हणजे ज्या दिवसांच्या काळजीने तुम्ही आश्रम शोधताय, नेमके तेच दिवस शेवटी घरी काढावे लागतात. पहिल्या फोनलाच हे विचारून घ्या.

डिमेन्शिया, म्हणजे विस्मरणाचा आजार, असेल तर मी होता होईल तो घर सोडू नका म्हणते. जागा बदलली की अशी माणसं जास्त गोंधळतात. मंगळवार पेठेतल्या एका आजींना नातवाचं नाव आठवत नाही, पण माजघराचा उंबरा आला की अंधारातही पाय बरोबर उचलला जातो. नव्या जागी त्या पहिल्याच रात्री पडल्या असत्या.

उलटही असतं. हिंडतेफिरते, बोलके, रोज रंकाळ्यावर चार मित्रांत बसणारे आण्णा एकेक मित्र गेल्यावर घरात एकटे पडतात. सांभाळायला ठेवलेल्या मावशींबरोबर दिवसभर टीव्हीसमोर बसून ते खंगतात, तेच समवयस्कांत गेले की खुलतात. त्यांनी स्वतः आश्रमात जायचं म्हटलं तर "लोक काय म्हणतील" म्हणून अडवू नका.

चोवीस तासांची बाई म्हणजे ती रात्रभर जागी असते ना?

नाही. या एका गैरसमजापायी जेवढ्या मावशी काम सोडून जातात तेवढ्या पगारापायी जात नाहीत.

चोवीस तासांची म्हणजे तुमच्या घरात राहणारी. तिला रात्री निदान सहा तास झोप मिळायला हवी, दुपारी दोन तास मोकळे हवेत, आंघोळ आणि जेवण घाईशिवाय झालं पाहिजे. पंधरा दिवस झोप झाली नाही की तिसऱ्या आठवड्यात "गावाकडं सासू आजारी हाय" म्हणून ती जाते आणि परत येत नाही. खरं कारण तोंडावर सांगायचं तिला अवघड जातं. शिवाय अर्धवट झोपेत पेशंटला उचलताना दोघीही पडतात, आणि सत्तरीतल्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळंच बदलतं.

तिच्यासाठी कॉट आणि पंखा असू द्या, कुलूप लावता येईल असा एक कप्पा द्या. पेशंटच्या कॉटखाली सतरंजी टाकून "इथंच पडा" म्हणू नका. पेशंटच्या हाताशी वायरलेस बेल ठेवा, म्हणजे ती शेजारच्या खोलीत निवांत झोपू शकते. आठवड्यातल्या दोन रात्री घरच्यांनी घ्याव्यात. शनिवारची रात्र मुलाची असं ठरलेली घरं मी पाहिलीत, तिथं एकच मावशी वर्षानुवर्षं टिकते.

रात्रीचं उठणं थोडं कमीही करता येतं. पाणी दिवसा भरपूर द्या, संध्याकाळी सातनंतर बेताने. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. दुपारची झोप तासाभराची ठेवा. कॉटला लागून कमोड चेअर ठेवली की बाथरूमपर्यंतची अंधारातली फेरी वाचते.

मावशी, एएनएम, जीएनएम यांत फरक काय? आम्हाला कोण लागेल?

मावशी म्हणजे आंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, कूस बदलणं, चालवणं ही कामं करणारी. तिचं शिक्षण बहुधा एखाद्या दवाखान्यात काम करता करता झालेलं असतं, आणि त्यातल्या कित्येकींच्या हाताला मी मान देते. एएनएम आणि जीएनएम या नर्सिंग शिकलेल्या. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन. त्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. कोणी "नर्स आहे" म्हणालं तर नोंदणीचा कागद मागा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही.

सलाईन, शिरेतून द्यायची इंजेक्शनं, लघवीची किंवा नाकातली नळी बदलणं ही मावशींची कामं नव्हेत. त्या "येतंय मला" म्हणाल्या तरी करू देऊ नका. त्यासाठी सिस्टर पाहिजे तेव्हा बोलवता येते. बहुतेक घरांना चांगली मावशी आणि अधूनमधून येणारी सिस्टर एवढं पुरतं.

ब्युरोतून घ्यावी की ओळखीतून?

ब्युरो म्हणजे मावशी पुरवणारी एजन्सी. तिचा फायदा हा की बदली माणूस मिळतो. पण आधी विचारा: किती दिवसांत देणार, त्याचे वेगळे पैसे किती, आपण दिलेल्यातले मावशींच्या हातात किती पडतात? शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा ब्युरो मला बरा वाटतो. ओळखीतल्या बाईचा भरवसा जास्त, पण ती आजारी पडली की घर अडकतं. दोन्ही प्रकारांत आधार कार्डाची प्रत, घरच्या माणसाचा फोन नंबर आणि जवळच्या पोलीस ठाण्यातून पडताळणी एवढं कराच. आधीच्या घरी फोन लावून एकच विचारा: "परत गरज पडली तर यांनाच बोलवाल का?"

घरातला स्वयंपाक आणि धुणंभांडी पण सांगितली तर चालेल ना?

पेशंटचं जेवण, पेशंटचे कपडे, पेशंटची खोली, हे तिचं काम. सहा माणसांच्या भाकऱ्या तिच्याकडे गेल्या की आजी तिकडं एकटीच. "जरा तेवढं बघा" करत काम वाढत जातं, म्हणून पहिल्याच दिवशी कामं कागदावर लिहा आणि तिला वाचून दाखवा.

खर्चाचा अंदाज कसा बांधायचा?

पगार आणि आश्रमाची फी शेजारी ठेवून तुलना केली की ती चुकते. घरच्या बाजूला पगाराखेरीज बरंच येतं: ब्युरोचं कमिशन, तिचं जेवणखाण, सुट्टीतल्या बदलीचे पैसे, डोक्या-पायाकडून उचलता येणारा फाउलर बेड आणि जखमा टाळायला हवेचा एअर बेड यांचं भाडं, फिजिओथेरपी, डॉक्टरांची घरभेट. एकट्या डायपरचं बघा. दिवसाला तीन-चार म्हटलं तरी महिन्याला ९० ते १२० लागतात. आश्रमाच्या बाजूला अनामत किती, ती परत मिळते का, डायपर आणि औषधं वेगळी का, दवाखान्यात न्यावं लागलं तर सोबत कोण आणि पैसे कोणाचे, हे विचारा.

आरोग्य विम्यातून घरच्या मावशींचा पगार साधारणपणे मिळत नाही. ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर. कार्ड तरीही काढून ठेवा. घरी सांभाळत असलेल्या माणसालाही अधूनमधून ॲडमिट करायची वेळ येतेच.

खर्च भावंडांत वाटायचा असेल तर पैशांबरोबर दिवसही वाटा. पैसे पाठवणारा आणि रात्री उठणारा, या दोघांत जो अबोला सुरू होतो त्याचे चटके शेवटी आजींना बसतात.

आईला परक्या बाईचा हात नको वाटतो. काय करावं?

कोणालाही नको वाटेल. जन्मभर स्वतःची आंघोळ स्वतः केलेल्या बाईला कोणीतरी उघडं करून धुणार, ही साधी गोष्ट नाही. पहिले चार-पाच दिवस मावशींना फक्त बसू द्या. त्यांनी भाजी निवडावी, वेणी घालून द्यावी, चहा एकत्र प्यावा. आंघोळीच्या वेळी सून किंवा मुलगी सोबत असावी, अंगावर टॉवेल ठेवून थोडं थोडं धुवावं. आईला जे जमतं ते तिलाच करू द्या. तोंड धुणं, केस विंचरणं जमत असेल तर तिच्या हातातून काढून घेऊ नका.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. काही घरांत मावशींचा कप वेगळा असतो, ताट वेगळं, "आत देवघराकडं नको" म्हणून सांगितलेलं असतं. जातीवरून बाई नाकारलेलीही मी पाहिली आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात राजर्षी शाहू महाराज स्वतः जाऊन चहा पीत, ते हे गाव. ज्या हातांनी तुमच्या आईची शी-शू काढायची त्या हातांना वेगळा कप देणार असाल तर बाई ठेवू नका, असं मी स्पष्ट सांगते.

वडिलांसाठी बाई ठेवावी की मामा?

वजनदार पेशंटला उचलायला मामा, म्हणजे पुरुष मदतनीस, बरे पडतात, आणि बऱ्याच आबांना पुरुषाकडून अंग पुसून घेताना संकोच कमी वाटतो. मामा कमी मिळतात, त्यामुळे शोध लवकर सुरू करा. बाई ठेवलीत तर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी तुमची. पेशंटकडून किंवा घरातल्या पुरुषाकडून लगट झाली तर "आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नका" म्हणून दाबू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगार बायकांनाही लागू आहे. तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

सुट्टीचं काय? गणपतीत तर सगळ्याच जातात.

गणपती, दिवाळी, जोतिबाची चैत्र यात्रा आणि गावची यात्रा, या दिवसांत तिला घरी जायचं असतं. कोल्हापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर घेऊन तिच्यासमोर बसा, तारखांवर गोल करा आणि त्या दिवशी बाहेरगावचं कोणतं भावंड येणार ते तिथंच लिहा. आठवड्याची एक सुट्टी वेगळी. सुट्टी बुडवून जादा पैसे देण्याचा मार्ग दोन-तीन महिनेच चालतो.

आम्ही बाहेरगावी असतो. घरात कॅमेरा लावावा का?

लावायचा असेल तर मावशींना सांगून लावा. त्या झोपतात, कपडे बदलतात तिथं नाही आणि बाथरूममध्ये तर नाहीच.

माझा भर मात्र वहीवर आहे. शंभर पानी साधी वही, पेन दोरीने बांधलेलं, कॉटशेजारी. एका घरातल्या मावशी शाळा चौथीपर्यंतच शिकलेल्या, पण त्यांची वही अशी: "सकाळी ७ चहा बिस्किट २. ९ गोळ्या दिल्या. ११ संडास झाली कडक. दुपारी भात नको म्हणाली आंबील घेतली. ४ डाव्या टाचेला लाल." त्या शेवटच्या तीन शब्दांनी जखम व्हायची वाचली. मुलीने बंगळूरहून रोज रात्री त्या पानाचा फोटो मागवायचा आणि त्यावर एक प्रश्न विचारायचा, एवढं पुरतं. कोणीतरी वाचतंय हे कळलं की लिहिणाऱ्यालाही हुरूप येतो.

पैशांचं म्हणाल तर एटीएमचा पिन मावशींना देऊ नका. किरकोळ खर्चाला वेगळं पाकीट आणि वहीचं शेवटचं पान ठेवा. दागिने घरात ठेवू नका, म्हणजे उद्या काही सापडलं नाही की आधी तिच्यावर संशय घेण्याची वेळ येत नाही. ७० वर्षांवरच्या खातेदारांना घरी येऊन बँकसेवा देण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे, ती मागा. पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनच देता येतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं रोज काय बघायचं?

त्वचा. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे, डोक्याची मागची बाजू. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर जखमेची सुरुवात झाली असं समजा. एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. बेडने काम भागतं या समजुतीने झालेल्या जखमा मी महिनोन्‌महिने धुतल्यात. चादरीवर सुरकुती नको, बिस्किटाचा चुरा नको. लाल झालेल्या जागी चोळून मालिश करू नका.

भरवताना माणूस बसता हवा. नाकातल्या नळीतून देत असाल तर डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उचला आणि नंतर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा, लगेच आडवं केलं की अन्न श्वासनलिकेत जातं. लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगलेली असावी, जमिनीला टेकता कामा नये.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर कोणाला विचारत बसू नका, १०८ लावा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हा आकडा मावशींनाही पाठ हवा.

पावसाळ्यात पूर आला तर?

हा प्रश्न फार कमी लोक आपण होऊन विचारतात, आणि तो आधी विचारायला हवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या आसपास गेलं, महामार्ग बंद पडला, वीज आणि नळाचं पाणी बंद झालं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, दसरा चौक या भागात किंवा नदीकाठच्या गावात राहत असाल, तर इशारा पातळीलाच पेशंट हलवा. झोपलेल्या माणसाला बोटीत घालणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

कोणाकडे हलवायचं ते जूनमध्येच ठरवा, आणि तिथं मावशींची सोय होईल ना तेही बघा. पंधरा दिवसांची औषधं आणि डायपर, पाण्याचे कॅन, टॉर्च तयार ठेवा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, त्यामुळे भरलेला सिलिंडर हवा. वीज गेली की एअर बेडही बसतो, मग हाताने कूस बदलणं आलं. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली फ्रिजबाहेर थंड जागी साधारण चार आठवडे टिकते, माठाशेजारी ठेवली तरी चालते.

सरकारकडून काही मदत मिळते का?

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या माणसाला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, कमोड चेअर यांसारख्या साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

सांभाळायलाच कोणी तयार नसेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात निर्वाहखर्च मागता येतो. घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून देणार असाल तर "हयातभर सांभाळ करायचा" ही अट त्यात लिहून घ्या. ती मोडली तर ते हस्तांतर रद्द मागता येतं.

मावशी नीट वागतात की नाही, कसं कळणार?

वेळ न सांगता जा. खोलीचा वास, नखं, ओठ कोरडे आहेत का ते बघा. दंडावर बोटांचे वळ, आजी मावशींसमोर एकदम गप्प होणं, दिवसभर पेंगणं, यांतलं काही दिसलं तर शांतपणे विचारा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांना नुसत्या धरण्यानेही काळेनिळे डाग पडतात, म्हणून लगेच आरोप करू नका.

घरी ठेवलं, पण आता जमत नाही. मग?

सांभाळणारी सून स्वतः बीपीच्या गोळ्या चुकवायला लागली, मावशी दर महिन्याला बदलतेय, पेशंट दोनदा पडला, यांतलं काही घडलं की सगळ्या भावंडांना बोलवा. एखादा महिना संस्थेत ठेवून बघण्यात कमीपणा नाही. संस्था बघायला रविवारी सकाळी सजवलेल्या वेळी जाऊ नका, संध्याकाळी सातला जा. रात्री किती माणसं ड्यूटीवर असतात ते विचारा आणि शक्य झाल्यास त्यांना भेटा. जेवण चाखा. पन्नास वर्षं रविवारी तांबडा रस्सा खाल्लेल्या माणसाला तिथं काय मिळणार, हाही विचारण्यासारखाच प्रश्न आहे.

पेशंट गेल्यावर मावशींचं काय करायचं?

घरी मृत्यू झाला तर नेहमीच्या डॉक्टरांकडून दाखला लागतो. ते घरी येतील ना, हे आधीच विचारून ठेवा. नोंद २१ दिवसांच्या आत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करायची असते.

त्या गडबडीत मावशींची पिशवी दाराशी येऊन थांबते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तिचं काम त्या दिवशी संपलेलं असतं, राहायची जागाही गेलेली असते, आणि रडायला तिला कोणी "बसा" म्हणत नाही. चालू महिन्याचा पूर्ण पगार आणि वर एका महिन्याचे पैसे द्यावेत, असं मी प्रत्येक घरी सांगते. दिवसकार्याला बोलवा. एका कागदावर लिहून द्या: किती काळ होत्या, पेशंटला काय आजार होता, काय काय त्यांनी केलं, आणि खाली तुमचा फोन नंबर. पुढचं घर शोधताना त्यांना तो कागद लागतो.